हंगाम लागला की ऊस पावतीचा रिपोर्ट बसतो: क्वेरी ऑप्टिमायझेशन डेटाबेसचं काम की आपलं?

काटाघर_निपाणी

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या डेटाबेसबद्दल विचारायचं होतं. डेटाबेस पोस्टग्रेस १४, सर्व्हरला १६ जीबी रॅम, सेटिंग्ज जशा आल्या तशाच. संबंध दोन टेबलांचा.

पावती: १२ हंगामांच्या मिळून १५ लाख ओळी. हंगाम या कॉलमवर इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून लावलेली सूची) आहे. ट्रक, ट्रॅक्टर धरून दिवसाला साधारण ८३० खेपा. भरलेलं वजन झालं की ओळ पडते, रिकामं वजन झालं की तीच ओळ अपडेट होते.

शेतकरी: २८,००० ओळी. प्रायमरी की म्हणजे आतला आयडी, पण पावतीशी जोडणी शेतकरी_कोडवर.

रिपोर्ट अगदी साधा. व्हेअरमध्ये हंगाम = '२०२५-२६', शेतकरी टेबल कोडवर जोडलेलं, गाववार टनांची बेरीज. मागच्या कुठल्याही हंगामाचा मागा, लगेच येतो. चालू हंगामाचा मागितला की दोन मिनिटांच्या वर, आणि रोज थोडा थोडा वाढतोय. गेल्या वर्षीही हेच झालं आणि जानेवारीअखेरीस कुणी हात न लावता आपोआप सरळ झाला.

व्हेंडर म्हणतो सर्व्हर बदला. त्यांची माणसं दरवर्षी ऑगस्टच्या देखभालीत व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझ (टेबलाची साफसफाई आणि आकडेवारीची ताजी नोंद) चालवून जातात, तेवढं होतंय. माझा मूळ प्रश्न असा: एसक्यूएलमध्ये आपण काय पाहिजे तेवढं सांगायचं, कसं आणायचं ते ऑप्टिमायझर बघतो, असं शिकवलं होतं. मग रिपोर्ट लिहिणाऱ्याचं आणि वापरणाऱ्याचं काम सुरू होतं कुठं? इंडेक्स वाढवू, की कोटेशन मागवू?

आणि एक. काट्यावरची पोरं गाडीचे शेवटचे चार आकडे टाकून पावती शोधतात. ते पण रेंगाळतंय.

उद्यमबाग_रात्रपाळी

कोटेशन थांबवा. आधी प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा, टाका इथं.

नुसतं एक्स्प्लेन (प्लॅन दाखवणारी कमांड) नको, त्यात फक्त अंदाज दिसतो. एक्स्प्लेनला अ‍ॅनालाइझ आणि बफर्स हे दोन्ही पर्याय लावा, म्हणजे क्वेरी खरोखर चालते आणि प्रत्येक टप्प्यावर अंदाज किती होता, प्रत्यक्षात किती ओळी आल्या, हे शेजारी शेजारी छापून येतं. सिलेक्ट आहे म्हणून बिनधास्त चालवा. अपडेट किंवा डिलीट असतं तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्ये ठेवावं लागलं असतं, कारण अ‍ॅनालाइझ लावलं की ते खरंच पुसतं.

"जानेवारीअखेर आपोआप सरळ झाला" हे वाक्य सगळ्यात कामाचं आहे. त्यावरून अंदाज आलाय, पण प्लॅन बघितल्याशिवाय बोलत नाही.

काटाघर_निपाणी

हा घ्या. मोबाइलवरून टाकतोय, त्यामुळं कीवर्डसुद्धा देवनागरीतच, समजून घ्या. खर्चाचे आकडे गाळलेत.

नेस्टेड लूप: अंदाज १ ओळ, प्रत्यक्ष ३३,२००, लूप्स १
जॉइन फिल्टरने बाद केलेल्या ओळी: ९२,९५,६६,८००
→ पावतीवर इंडेक्स स्कॅन, अट हंगाम = '२०२५-२६': अंदाज १, प्रत्यक्ष ३३,२००, लूप्स १
→ शेतकरीवर सीक्वेन्शियल स्कॅन: अंदाज २८,०००, प्रत्यक्ष २८,०००, वेळ २.६ मिलिसेकंद, लूप्स ३३,२००
एकूण वेळ: १,३९,४०० मिलिसेकंद

उद्यमबाग_रात्रपाळी

आता बघा. हा प्लॅन आतून बाहेर, खालून वर वाचायचा. सगळ्यात आतल्या ओळीत जिथं अंदाज आणि प्रत्यक्ष यांची पहिल्यांदा फारकत होते, तिथं बोट ठेवायचं. वरचं सगळं त्या चुकीच्या अंदाजावर रचलेलं असतं.

इथं ती जागा पावतीवरचा इंडेक्स स्कॅन. प्लॅनरला, म्हणजे ऑप्टिमायझरला, वाटलं एकच ओळ निघणार. निघाल्या ३३,२००. एकच ओळ येणार असेल तर तिच्यासाठी शेतकरी टेबल एकदा वरपासून खालपर्यंत वाचणं स्वस्तच, म्हणून त्यानं नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरं टेबल धुंडाळणं) घेतला. त्याच्या माहितीनुसार निर्णय बरोबर होता. प्रत्यक्षात ते टेबल ३३,२०० वेळा वाचलं गेलं. २.६ मिलिसेकंद हा आकडा एका फेरीचा आहे, हे बरेच जण विसरतात. लूप्सनं गुणला की ८६ सेकंद तिथंच गेले. उरलेला बहुतेक वेळ ९३ कोटी जोड्या तपासून टाकून देण्यात गेला. एका पावतीमागं ४.२ मिलिसेकंद पडतात आणि दिवसाला ८३० पावत्या वाढतात, म्हणजे रिपोर्ट रोज साडेतीन सेकंदांनी लांबणार. तुम्ही म्हणता तो "थोडा थोडा" हाच.

अंदाज १ का आला? अ‍ॅनालाइझ ही कमांड (वरच्या एक्स्प्लेनच्या पर्यायाहून वेगळी) चालते तेव्हा पोस्टग्रेस सगळं टेबल वाचत नाही. डीफॉल्ट_स्टॅटिस्टिक्स_टार्गेट १०० असतं, त्याच्या ३०० पट म्हणजे ३०,००० ओळींचा नमुना घेतं. त्यातून प्रत्येक कॉलमची जास्त वेळा येणारी मूल्यं आणि त्यांचं प्रमाण अशी एक यादी बनवतं. तुमच्या हंगाम कॉलममध्ये इनमीन १२ मूल्यं, ती सगळी यादीत मावली, प्रमाणांची बेरीज झाली जवळपास १. आता तुम्ही '२०२५-२६' मागितलं. यादीत नाही, आणि यादीबाहेर काही शिल्लकही नाही, मग अंदाज शून्याला टेकतो. शून्याच्या जागी पोस्टग्रेस १ धरतं. ऑगस्टमध्ये अ‍ॅनालाइझ केलं तेव्हा चालू हंगामाची एकही पावती नव्हती, बरोबर? ऑगस्टची नोंदवही घेऊन डिसेंबरचा ऊस मोजायला बसल्यासारखं आहे ते.

मग ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल, काय करतोय? त्याचा अ‍ॅनालाइझचा हिशेब असा: ५० अधिक टेबलाच्या १० टक्के बदल झाले की चालायचं. १५ लाखांचे १० टक्के म्हणजे १,५०,०५० बदल. तुमच्या एका खेपेचे बदल दोन, एक इन्सर्ट आणि एक अपडेट. दिवसाला १,६६० झाले. भागून बघा, ९० दिवस येतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, तर जानेवारीअखेर. आपोआप सरळ झाला तो असा.

खात्री करायची तर पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये पावतीची ओळ बघा. शेवटचं ऑटोअ‍ॅनालाइझ कधी झालं ते आणि एन_मॉड_सिन्स_अ‍ॅनालाइझ (त्यानंतर झालेले बदल). दुसरा आकडा आज ६६ हजारांच्या आसपास असणार.

उपाय आज संध्याकाळी: अ‍ॅनालाइझ पावती. एवढंच. काही सेकंद लागतात, काटा थांबवायला नको, वाचणं-लिहिणं अडत नाही. मात्र टेबलाच्या मालकाच्या किंवा सुपरयूझरच्या लॉगिननं करा. रिपोर्टच्या लॉगिननं केलं तर एरर येत नाही, नुसती वॉर्निंग येते, टेबल वगळलं जातं, आणि माणूस समजतो झालं.

कायमचा उपाय: या एका टेबलापुरतं ऑटोव्हॅक्यूम_अ‍ॅनालाइझ_स्केल_फॅक्टर ० आणि ऑटोव्हॅक्यूम_अ‍ॅनालाइझ_थ्रेशोल्ड २००० करा, अल्टर टेबलनं. मग दर सव्वा दिवसाला यादी ताजी होत राहील. सगळ्या डेटाबेसला हे लावू नका, मोठ्या टेबलांवर उगाच धावत सुटेल आणि लहान टेबलांची यादी उलट उशिरा ताजी होईल.

खानापूर_वाट

एवढं कशाला गा? एनेबल_नेस्टलूप ऑफ करायचं, हॅश जॉइन (एक टेबल एकदाच वाचून मेमरीत लावून जोडणं) घेतोय गपगुमान. आम्ही तसंच करतोय.

उद्यमबाग_रात्रपाळी

खानापूर_वाट, तपासायला एकदम बरोबर. त्याच सेशनमध्ये सेट करून प्लॅन परत काढला आणि वेळ धाडकन उतरला, तर दोष प्लॅनच्या निवडीत होता हे सिद्ध होतं. पण कॉन्फिग फाइलमध्ये टाकून ठेवू नका. एका शेतकऱ्याच्या पाच पावत्या काढायला नेस्टेड लूपच लागतो, ते सगळे स्क्रीन मग मार खातात. शिवाय ऑफ म्हणजे बंद नव्हे. प्लॅनर त्या रस्त्याला प्रचंड खर्च चिकटवतो, दुसरा रस्ताच नसेल तर तोच घेतो. अगदीच गरज पडली तर एका ट्रान्झॅक्शनपुरतं सेट लोकल.

ओरॅकलमध्ये किंवा मायएसक्यूएलमध्ये क्वेरीतच हिंट (कुठल्या रस्त्यानं जायचं ती सूचना) लिहिता येते, पोस्टग्रेसच्या मूळ पॅकेजात ती सोय नाही. पीजी_हिंट_प्लॅन नावाचं एक्स्टेन्शन वेगळं बसवावं लागतं. माझं मत, हिंट ही शेवटची. हिंट लिहिली त्या दिवशीचा डेटा तिच्यात गोठतो.

चिकोडी_पतसंस्था

आमच्याकडं एसक्यूएल सर्व्हर आहे, तिथंही हाच रोग, फक्त उंबरठा वेगळा. जुना नियम ५०० अधिक २० टक्के. २०१६ पासून, कम्पॅटिबिलिटी लेव्हल १३० असेल तर, ओळींची संख्या गुणिले १००० याचं वर्गमूळ, किंवा जुना नियम, जे कमी असेल ते. १५ लाखांना ३८,७०० च्या आसपास येतं. म्हणजे १० टक्क्यांपेक्षा बरं, पण १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष उघडलं की पहिले काही दिवस वर्ष कॉलमवरचे अंदाज असेच फसतात. कुठलाही डेटाबेस असू दे, नवा हंगाम, नवं वर्ष, नवी शाखा यांचा पहिला डेटा पडला की त्या संध्याकाळी स्टॅटिस्टिक्स अपडेट हे कॅलेंडरवर लिहून ठेवायचं काम.

टिळकवाडी_अक्का

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला की. काम कुणाचं?

डेटा कुठून कसा काढायचा हे एकेकाळी प्रोग्राम लिहिणाराच ठरवत होता: कुठल्या साखळीनं जायचं, आधी काय उघडायचं. खर्च मोजून रस्ता यंत्रानं निवडावा ही पद्धत आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातल्या मंडळींनी १९७९ साली मांडली आणि आजचे ऑप्टिमायझर बहुतेक त्याच वळणाचे. तेव्हाही अंदाजाला आधार नसला की ठरावीक अपूर्णांक धरायचा, बरोबरीच्या अटीला एक दशांश वगैरे. आजही तसंच आहे. तेव्हा रस्ता निवडणं त्याचं काम. पण जे तुम्हाला माहीत आहे आणि त्याला कळायला मार्गच नाही, ते त्याला कळेल अशा रूपात ठेवणं तुमचं. काटाघर_निपाणी यांच्या टेबलांतच अशा जागा दिसतात.

पहिली, शेतकरी_कोड. हा कोड दोघांना असू शकत नाही हे तुमच्या ऑफिसातल्या शिपायालाही माहीत आहे, डेटाबेसला नाही. युनिक कॉन्स्ट्रेंट घाला. त्यासोबत इंडेक्स आपसूक येतो, म्हणजे वरचा चुकीचा नेस्टेड लूप घेतला असता तरी आतलं वाचन एका ओळीचं झालं असतं, २८,००० चं नाही. कॉन्स्ट्रेंट घालताना एरर आला तर थांबा: कोडवर ग्रुप बाय, हॅविंग काउंट १ पेक्षा जास्त, अशी यादी काढा. दुबार कोड निघाले तर त्या कोडांचे टन रिपोर्टात आजवर दुप्पट मोजले गेले असतील, आणि तो प्रश्न वेगापेक्षा मोठा आहे.

दुसरी, गाव-तालुका. प्लॅनर प्रत्येक अट स्वतंत्र समजून प्रमाणांचा गुणाकार करतो. समजा २८,००० शेतकऱ्यांत निपाणी तालुक्याचे २० टक्के, एका गट कार्यालयाचे ४ टक्के, एका गावाचे १ टक्का. तिन्ही अटी लावल्या तर तो म्हणणार २ ओळी. पण ते गाव त्या गटातच आणि तो गट त्या तालुक्यातच आहे, म्हणून खऱ्या निघणार २८०. तिथून पुढं पुन्हा नेस्टेड लूप. यावर क्रिएट स्टॅटिस्टिक्स आहे, पोस्टग्रेस १० पासून: तालुका, गट, गाव हे तिन्ही कॉलम देऊन डिपेन्डन्सीज प्रकार (एका कॉलमवरून दुसरा ठरतो हे नोंदवणारा) निवडा आणि नंतर अ‍ॅनालाइझ करा. ते केलं नाही तर ऑब्जेक्ट नुसता बनतो, आत काही भरत नाही. डिपेन्डन्सीज फक्त बरोबरीच्या आणि इनच्या अटींना लागू पडतं. आणि चुकून खानापूरचं गाव आणि निपाणी तालुका असं मागितलं तरी ते जोडी जमते असंच धरून चालतं; ते नको असेल तर एमसीव्ही प्रकार (एकत्र येणाऱ्या मूल्यांची यादी ठेवणारा) घ्या, १२ पासून आहे.

त्यापेक्षा सोपं सांगू? रिपोर्टात गावाचा कोड पुरेसा असेल तर तालुका आणि जिल्ह्याची अट लिहूच नका. "असू दे की, काय बिघडतंय" म्हणून घातलेली अट अंदाज बिघडवते.

तिसरी आपल्या भागातली खास. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधी भरलेल्या ओळींत बेळगाव, नंतरच्यांत बेळगावी, मध्येच कुणी पुढं स्पेस सोडलेली. निपाणी तालुका वेगळा झाला, जुन्या ओळींत चिकोडीच आहे. कागवाडचं अथणीबरोबर तसंच. मग रिपोर्ट लिहिणारा वैतागून व्हेअरमध्ये ट्रिम, लोअर, रिप्लेस सगळं कॉलमवर चढवतो. झालं, त्या कॉलमचा इंडेक्स गेला आणि स्टॅटिस्टिक्सही गेलं. फंक्शनमागं काय दडलंय हे प्लॅनरला दिसत नाही, तो २०० वेगवेगळी मूल्यं असतील असं धरून अर्धा टक्का धरतो: २८,००० मध्ये १४०, मग खरे ४ असोत नाहीतर १४,०००. नावं एका मास्टर टेबलात आणून पावती आणि शेतकरीमध्ये कोड ठेवणं हे खरं ऑप्टिमायझेशन, आणि ते कुठलाही ऑप्टिमायझर करून देणार नाही.

तारखेचंही तेच. पावती_वेळला डेटमध्ये कास्ट करून बरोबर आजची तारीख, असं लिहू नका. सुरुवातीची वेळ किंवा त्यानंतर, आणि शेवटच्या वेळेच्या आधी, अशा दोन अटी लिहा. तुमचा दिवस ज्या तासाला बदलतो तोच तास तिथं घालता येतो, हा वरचा फायदा. बिटवीन १ ते ३१ लिहिलं तर ३१ तारीख सुरू होते त्या मध्यरात्रीनंतरच्या, म्हणजे ३१ च्या दिवसभराच्या सगळ्या खेपा गळतात, आणि पंधरवड्याच्या बिलाला बोंब होते.

काटाघर_निपाणी

उद्यमबाग दादा, एन_मॉड ६६,३८७ निघाला! अ‍ॅनालाइझ केलं. अंदाज आता ३२,६५०, हॅश जॉइन घेतोय, ९५ मिलिसेकंद. टेबलाची सेटिंगही बदलली.

अक्का, दुबार कोड ११ सापडले. ते केन ऑफिसला दिलेत, निस्तरले की युनिक घालतो.

आता वापरणाऱ्यांचं विचारतो. पंधरवड्याच्या बिलाच्या दिवशी सगळे गट ऑफिसवाले एकदम रिपोर्ट मारतात, तेव्हा काट्याची पावतीसुद्धा उशिरा छापते.

टिळकवाडी_अक्का

रिपोर्ट येईना म्हणून माणूस परत बटण दाबतो, मग ब्राउझर बंद करून परत उघडतो. पहिली क्वेरी सर्व्हरवर तशीच चालू असते. ब्राउझर बंद केल्याचं पोस्टग्रेसला निकाल पाठवायला गेल्यावरच कळतं. पाच वेळा दाबलं तर पाच क्वेऱ्या. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये (चालू क्वेऱ्यांची यादी) एकाच मजकुराच्या पाच ओळी दिसल्या तर हेच समजा. पीजी_कॅन्सल_बॅकएंडनं जादाच्या थांबवा. आणि रिपोर्टसाठी वेगळं लॉगिन करून त्याला स्टेटमेंट_टाइमआउट ६० सेकंद लावा, अल्टर रोलनं. काट्याच्या लॉगिनला हा लावू नका. १४ मध्ये क्लायंट_कनेक्शन_चेक_इंटरव्हल पण आलंय. १० सेकंद ठेवलं तर सुटलेल्या कनेक्शनची क्वेरी मध्येच थांबते. मात्र वेब अ‍ॅप मध्ये असेल तर कनेक्शन अ‍ॅपचं असतं, ब्राउझरचं नाही, तिथं याचा उपयोग नाही. बटण एकदा दाबलं की निष्क्रिय करणं हे व्हेंडरकडून करून घ्यायचं.

दुसरं, रिपोर्टच्या स्क्रीनवर हंगामाची डबी रिकामी सोडली की काय होतं ते बघा. बहुतेक ठिकाणी रिकामी म्हणजे "सगळे", म्हणजे १५ लाख ओळी, आणि त्या एक्सेलमध्ये उतरवून मग फिल्टर लावणारे महाभाग असतात. डबीत चालू हंगाम आधीच भरलेला ठेवा. वापरणाऱ्याला एक सवय लावली तरी पुष्कळ: आधी हंगाम, मग तारीख, मग गाव. एक्सेलला हव्या त्याच कॉलमांचा रिपोर्ट. सिलेक्ट स्टारमध्ये शेतकऱ्याचा फोटो आणि सातबाऱ्याचं स्कॅन असेल तर तेही ओढलं जातं.

बेरजेच्या रिपोर्टात सॉर्ट मेथडपुढं एक्स्टर्नल मर्ज आणि डिस्क असं दिसलं तर वर्क_मेम (सॉर्ट आणि हॅशला मिळणारी मेमरी) कमी पडतोय. मुळात ४ एमबी असतो. रिपोर्टच्या लॉगिनपुरता ३२ किंवा ६४ एमबी करा. तो आकडा माणशी नसतो, प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला वेगळा लागतो. सगळ्यांना ५१२ एमबी देऊन बसलात तर १६ जीबी बिलाच्याच दिवशी संपेल.

उद्यमबाग_रात्रपाळी

अक्कांच्या बोलण्याला एक जोड. इंडेक्स वाढवायचा मोह होईल, आवरा. प्रत्येक इंडेक्स प्रत्येक इन्सर्टला लिहावा लागतो. तुमच्याकडं तर रिकाम्या वजनाचा अपडेटही आहे. बदललेल्या कॉलमांवर कुठलाच इंडेक्स नसेल आणि त्याच पानात (टेबल डिस्कवर ज्या ठोकळ्यांत साठतं त्यातल्या एकात) जागा असेल तर पोस्टग्रेस तो अपडेट इंडेक्सला न शिवता उरकतं. म्हणून रिकामं_वजन आणि निव्वळ_वजन यांच्यावर इंडेक्स नको, आणि पावतीचा फिलफॅक्टर ९० करा, म्हणजे नव्या पानांत १० टक्के जागा मोकळी राहते. जुन्या पानांना ते आपोआप लागत नाही, पण तुम्हाला जुन्यांशी कर्तव्यच नाही.

आता गाडी नंबर. क्वेरीत लाइक '%४५१२' असणार. पुढं टक्का आला की साध्या बीट्री इंडेक्सचा उपयोग शून्य, तो डावीकडून लावलेला असतो. पोरं नेहमी शेवटचे चारच आकडे टाकत असतील तर एक्स्प्रेशनवर इंडेक्स करा: पहिला भाग राइट(गाडी_नंबर, ४), दुसरा पावती_क्रमांक उतरत्या क्रमानं. आणि क्वेरीत तेच एक्स्प्रेशन जसंच्या तसं लिहा, बरोबर '४५१२', ऑर्डर बाय पावती_क्रमांक उतरता, लिमिट २०. लाइक तसाच ठेवलात तर इंडेक्स असून वापरणार नाही. सॉर्टही वाचतो, कारण इंडेक्समध्ये त्या चार आकड्यांच्या पावत्या नव्यापासून जुन्याकडं लागलेल्याच असतात. बनवून झाल्यावर अ‍ॅनालाइझ करा, एक्स्प्रेशनची स्वतंत्र यादी तेव्हाच तयार होते.

घोटाळा होतो तो नंबर लिहिण्यात. केए २३, केए-२३, केए २२, एमएच ०९ अशी सरमिसळ चालेल, शेवटचे चार सारखे असले म्हणजे झालं. पण ९८७ नंबर कुणी ०९८७ असा भरतो, कुणी नुसता ९८७, आणि मग राइट चारमध्ये मधला डॅश किंवा अक्षर येतं. शेवटी सुटलेली स्पेस तर हमखास. आधी जुना डेटा साफ करा, मग शेवटचे चार आकडेच असले पाहिजेत असा चेक कॉन्स्ट्रेंट घाला. मधल्या कुठल्याही तुकड्यावर शोधायचं असेल तर पीजी_टीआरजीएम हे एक्स्टेन्शन आणि जिन इंडेक्स (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरचा), पण तो इन्सर्टला जड आणि तीनपेक्षा कमी अक्षरांना निरुपयोगी. काट्याला राइट चारच बरा.

हंगाम चालू असताना इंडेक्स कॉनकरंटली करा, साध्या क्रिएट इंडेक्सनं तो पूर्ण होईपर्यंत पावत्या लिहिणं थांबतं. कॉनकरंटली ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि आधीपासून उघडी असलेली जुनी ट्रान्झॅक्शनं संपेपर्यंत वाट बघत बसतो. म्हणून आधी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये आयडल इन ट्रान्झॅक्शन म्हणून कुणी तासन्‌तास लटकलंय का ते बघून घ्या. मध्येच तुटला तर इंडेक्स अर्धवट राहतो: क्वेरीला वापरला जात नाही, पण इन्सर्टला खर्च मात्र लावतो. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसची कमांड लिहायची खिडकी) बॅकस्लॅश डी पावती करून बघा. पुढं इनव्हॅलिड लिहिलेलं दिसलं तर ड्रॉप इंडेक्स कॉनकरंटली करून परत बनवा.

काटाघर_निपाणी

लटकलेलं एक निघालं, हिशेब खात्यातलं, सकाळी सव्वानऊपासूनचं. ते सोडवून घेतो आणि रात्री खेपा कमी असतात तेव्हा इंडेक्स लावतो.